काळ्या पोलादाची सुरी : प्रस्तावना

जपानी लोहारांनी हाताने घडवलेल्या, स्वयंपाकघरात वापरायच्या सुऱ्यांविषयीचे हे पुस्तक मालेगावात लिहून झाले. हे मालेगाव नाशिक जिल्ह्यातले नव्हे, वाशीम जिल्ह्यातले. अकोल्याहून वाशीमला जाणारा रस्ता नागपूर-छत्रपती संभाजीनगर रस्त्याला जिथे छेदतो, ते. इथे बसून साकाईच्या सुऱ्यांवर का लिहायचे, असे अनेकांनी विचारले. कारण सरळ आहे. त्या सुऱ्यांत जे पोलाद असते त्याच्याच घराण्यातले पोलाद आमच्या आठवडी बाजारात लोहार ऐरणीवर ठोकतो. जपानी सुरीत विशेष काय आहे हे मला पुस्तकांपेक्षा त्या ऐरणीशेजारी बसून जास्त कळले.

दोन मोठे रस्ते मिळतात तिथे गॅरेजे उभी राहतात, आणि गॅरेज आले की तुटके कमानपाटे आलेच. ट्रकच्या कमानीचा पाटा म्हणजे साधे लोखंड नव्हे. वर्षानुवर्षे टनावारी ओझ्याखाली वाकून पुन्हा जागेवर यायचे तर अंगात ताकद हवी, म्हणून त्यात शेकडा ०.५ ते ०.६५ भाग कार्बन असतो, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम. एवढा कार्बन असलेला धातू तापवून विझवला की कडक होतो. बांधकामाच्या सळईला कितीही तापवा आणि विझवा, ती धार धरण्याइतकी कडक होत नाही. म्हणून इळा असो, कोयता असो, वखराची पास असो की पावशीचे पाते, आमच्याकडचा लोहार आधी पाटा शोधतो.

हे काम करणारी बरीच कुटुंबे घिसाडी समाजाची आहेत. गाडीवर संसार घेऊन गावोगाव फिरणारी ही मंडळी आपले मूळ चित्तोडला सांगतात. भात्याच्या जागी पंखा आला, बैलगाडीच्या जागी टेम्पो आला, पण ऐरणीभोवतीची मांडणी तीच आहे. लाल झालेला पाटा छिन्नीने तोडला की नवरा तो तुकडा सांडशीत धरून ऐरणीवर ठेवतो आणि लहान हातोडीने जागा दाखवतो. बायको नेमक्या त्याच जागी घण घालते. हातोडीचा ठोका हलका झाला की घणही हलका होतो. हातोडी ऐरणीच्या कडेवर वाजली की घण थांबतो. बोलावे लागत नाही. पाच-सात तापण्यांत तुकड्याला पाठ येते, पोट येते, मुठीत घालायचे शेपूट येते.

खरी परीक्षा पाणी देताना असते. धातूचा रंग नीट दिसावा म्हणून पाते सावलीत तापवायचे असते. उन्हात लाल आणि नारिंगी यांतला फरक डोळ्याला कळत नाही. सुमारे ७७० अंश सेल्सियसच्या पुढे लोखंडाला लोहचुंबक धरत नाही, त्याच्या थोडे वर पोलाद विझवायला तयार होते. लोहाराकडे तापमापक नसतो, रंग असतो. तो पाते उचलतो आणि धारेकडची दोन बोटे रुंदीच पाण्यात धरतो. पाठ बाहेर, अजून धगधगती. मग पाते वर काढून विटेच्या तुकड्यावर धार घासतो, म्हणजे काळी खपली निघून चकचकीत पट्टी उघडी पडते. पाठीत राहिलेली धग धारेकडे सरकू लागते आणि त्या पट्टीवर रंग चालत येतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. फिकट पिवळा म्हणजे साधारण २२० अंश, निळा म्हणजे ३००च्या आसपास. भाजी चिरायचे पाते पिवळ्यावर थांबवायचे, लाकडावर घाव घालायच्या कुऱ्हाडीला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. हवा तो रंग धारेला पोचला की पाते पुन्हा पाण्यात. एवढ्याशा वेळात पात्याचे पुढचे सगळे आयुष्य ठरते. रंग निळ्यावर गेला तर धार लवकर बसते. रंग येऊच दिला नाही, तर पहिल्या नारळाला किंवा हाडाला टवका उडतो.

धातुशास्त्र याचे कारण सांगते. तापलेल्या पोलादात कार्बन विरघळलेला असतो; सावकाश निवू दिले तर तो बाहेर पडून धातू मऊ होतो. झटक्यात विझवले तर तो अडकून पडतो आणि मार्टेन्साइट नावाची ताणलेली, अतिशय कठीण आणि तितकीच ठिसूळ रचना तयार होते. पुन्हा थोडी धग दिली की थोडा कडकपणा जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. साकाईतला लोहारही हेच करतो. तोही भट्टीशी अंधार ठेवून पोलादाचा रंग वाचतो.

साकाई हे ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेले जुने बंदर. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात आली, सोळाव्या शतकाच्या अखेरीस साकाईत तंबाखू कापायच्या सुऱ्या होऊ लागल्या, आणि त्या इतक्या चांगल्या निघाल्या की तोकुगावा राजवटीने त्यांना आपला शिक्का दिला. १८७६ साली मेईजी सरकारने तलवार बाळगायला बंदी घातली, तेव्हा तलवारी घडवणारे अनेक हात सुऱ्या, विळे आणि कात्र्यांकडे वळले. जपानी सुरी म्हणजे सामुराईच्या तलवारीची लेक, अशी जाहिरात सगळीकडे वाचायला मिळते. मला ती अर्धवट वाटते. साकाईच्या सुऱ्या त्या बंदीच्या आधी शेकडो वर्षे तंबाखू आणि मासे कापत होत्या. एचिझेनचे लोहार पिढ्यान्‌पिढ्या विळे करत आले. सान्‌जोत खिळे आणि शेतीची अवजारे होत होती. सुरीचा वंश शोधायचा तर तो शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या आणि स्वयंपाक्याच्या अवजारात शोधावा, आणि म्हणूनच ती आपल्याला जवळची आहे.

आता त्या सुरीकडे बारकाईने पाहू. पालेभाजीची चौकोनी नाकिरी, माशाचे डोके तोडायची जाड पाठीची देबा, कच्च्या माशाचे काप काढायची लांब, अरुंद यानागिबा: आकार पुष्कळ आहेत, पण बहुतेकींची बांधणी एकाच तत्त्वावर असते. धारेच्या जागी कडक पोलाद आणि त्याला चिकटून मऊ लोखंड. दोन्ही धातू लाल करून, मध्ये टाकणखार आणि लोखंडाचा चुरा पसरून, हातोड्याखाली एकजीव करतात. देबा आणि यानागिबा यांत पोलाद एकाच बाजूला असते, कारण धारही एकाच बाजूने काढलेली असते. नाकिरीत सहसा ते दोन मऊ थरांच्या मधोमध बसवतात. मऊ थर धक्का पोटात घेतो आणि दगडावर लवकर झिजतो, म्हणून धार लावणे सोपे जाते. कडक पोलाद फक्त कापायचे काम करते. सबंध पाते एकाच पोलादाचे करायचीही रीत आहे. तिला होनयाकी म्हणतात. अशी सुरी करताना विझवण्याच्या वेळी तडा जाऊन कितीतरी पाती वाया जातात, म्हणून ती फार महाग पडते आणि घरगुती वापराला तिची गरज नसते.

साकाईत एक सुरी एकटा माणूस करत नाही. ठोकणारा वेगळा, दगडावर धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. धार काढणाऱ्याला तिथे लोहाराइतकाच मान आहे, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पाते ठोकले की काम संपले, धार काय ती गिऱ्हाईक लावून घेईल, असा हिशेब असतो. पात्याची जाडी पाठीपासून धारेपर्यंत कशी उतरत आणायची, धारेमागे धातू किती ठेवायचा, यावर सुरी भाजीतून सरकते की भाजी फोडते हे ठरते. गाजर कापताना शेवटी टचकन तुटते, याचे कारण धार बोथट असणे एवढेच नसते. धारेमागचे पाते जाड असते. आमच्या बाजारात मिळणाऱ्या पात्यांत मला खरी उणीव दिसते ती इथे, आणि ती पोलादापेक्षा लवकर भरून निघू शकते.

पोलादाची उणीव वेगळी आहे. जपानी सुऱ्यांसाठी लागणारे नावाजलेले पोलाद शिमाने प्रांतातल्या यासुगी गावी तयार होते. तिथला कारखाना वेगवेगळ्या प्रतींच्या पट्ट्यांना वेगवेगळ्या रंगांचा कागद लावतो. पांढऱ्या कागदाचे ते शिरोगामी, निळ्या कागदाचे आओगामी. शिरोगामीत लोखंड आणि कार्बन यांखेरीज फारसे काही नसते, गंधक आणि फॉस्फरस अगदी नगण्य. त्याच्या दोन नंबरच्या प्रतीत कार्बन शेकडा १.०५ ते १.१५ असतो, म्हणजे कमानपाट्याच्या जवळजवळ दुप्पट. आओगामीत टंगस्टन आणि क्रोमियमची भर असते, त्यामुळे धार जास्त दिवस टिकते. कागद पाहूनच लोहाराला कळते की हे पोलाद कोणत्या रंगावर विझवायचे, पाण्यात की तेलात, आणि मागाहून किती धग द्यायची. आमच्या लोहाराच्या हातात येणारा पाटा मुका असतो. तो कोणत्या गाडीचा, कोणत्या कारखान्याचा, त्यात सिलिकॉन आहे की क्रोमियम, काही कळायला मार्ग नाही. कमानपाट्याची बरीच पोलादे खरे तर तेलात विझवायची. पाण्यात त्यांना बारीक तडे जाऊ शकतात. तरीही केवळ ठिणग्या, ठोक्याचा आवाज आणि रंग यांवरून तो अंदाज बांधतो आणि दहांपैकी बहुतेक पाती चांगली काढतो. हे कसब कुठल्याही अर्थाने साकाईच्या खालचे नाही. उलट, ओळखीच्या पोलादावर काम करणाऱ्याला जे शिकावे लागत नाही ते याला शिकावे लागते. जपानकडून घ्यायचे असेल तर तो कागद घ्यावा: आपण काय ठोकतो आहोत हे ठाऊक असण्याची सोय. कानशी आणि बेअरिंगे यांच्या भंगारात शेकडा एक भाग आणि त्याहून अधिक कार्बनचे पोलाद वाशीम-अकोल्यातही मिळते. ते वेगळे काढून, खूण करून ठेवले तरी पुष्कळ फरक पडेल.

विदर्भाला हे ज्ञान नवे नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. माहुरझरी आणि टाकळघाट-खापा इथल्या शिलावर्तुळांत पुरलेल्या माणसांशेजारी लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि घोड्यांचे लगाम मिळाले आहेत. दक्षिणेला, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम येथे मुशीत वितळवून केलेले उच्च कार्बनचे पोलाद इराणचे व्यापारी घेऊन जात. वऱ्हाडही १८५३पर्यंत निजामाच्याच मुलखात मोडत होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहारा टेकडीच्या खनिजावरचा १८८२चा अहवाल वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याचा विचार रुजला. कारखाना पुढे साकचीला उभा राहिला, ती गोष्ट वेगळी.

मग आपल्याकडचे हाताचे पोलाद मागे का पडले? याचे उत्तर मी दोन ठिकाणी शोधले आहे. पहिले गावगाड्यात. त्रिंबक नारायण आत्र्यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले, त्यात लोहार कुणबिकीच्या कामाचा मोठ्या मानाचा बलुतेदार म्हणून येतो. बलुते सुगीला धान्यात मिळे. ही व्यवस्था अन्यायाची होती, कारागिराला जातीत आणि गावात जखडून ठेवणारी होती, तिच्यासाठी मी एक अश्रूही गाळणार नाही. पण तिच्यात एक गोष्ट होती: पास वाकली तर शेतकरी तीच पास घेऊन त्याच लोहाराच्या दारी येई, आणि वर्षभर येत राही. आपले पाते कुठे मोडले, कुठे झिजले, हे लोहाराला दिसत राही. आता इळा विकला की तो गेला. सोयाबीनची सोंगणी झाली, इळा टाकून दिला, पुढच्या वर्षी नवा. मोठ्या शेतात तर हार्वेस्टरच येतो. आपली चूक पाहायला न मिळालेला कारागीर सुधारणार कसा?

दुसरे कारण स्टेनलेस स्टील. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली शेकडा बारा-तेरा भाग क्रोमियम घातलेले पोलाद ओतले आणि गंज न धरणारी सुरी शक्य झाली. घरातल्या बाईचे कष्ट त्याने खरोखर वाचवले आहेत, ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. मात्र बाजारातल्या स्वस्त स्टेनलेस सुरीत कार्बन कमी असतो, ती मऊ राहते, आणि तिला चांगली धार कधी येतच नाही. अशी सुरी वापरून वापरून एका पिढीला चांगली धार म्हणजे काय हेच माहीत राहिले नाही. पिकलेल्या टोमॅटोवर नुसते वजन टाकून सुरी आत गेली पाहिजे. कांदा चिरताना पेशी चिरडल्या की डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो. धार तीक्ष्ण असेल तर पेशी कमी चिरडतात आणि डोळे कमी झोंबतात. हे जपानी सुरीचे वैशिष्ट्य म्हणून सांगतात, पण नीट पाजवलेल्या पावशीलाही ते तितकेच लागू आहे.

कार्बन पोलाद सांभाळावे लागते, हे आधीच सांगितलेले बरे. त्यावर वांगे, कच्चे केळे, कैरी चिरली की फोडी काळ्या पडतात, कारण फळातले टॅनिन लोखंडाशी मिळून काळा रंग धरते. आमच्या घरांतून वांग्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकायची पद्धत आहे, ती हवेने आणि लोखंडाने येणारा हा काळेपणा आवरण्यासाठीच. पाते ओले ठेवून जेवायला बसलात तर उठेपर्यंत तांबूस ठिपके दिसतील. चिरणे झाले की लगेच धुऊन कोरडे पुसायचे, बस्स. काही आठवड्यांत पात्यावर निळसर-करडी छटा चढते आणि ती छटाच गंजाला बरीचशी अडवते; ती घासून काढायची नाही. पावसाळ्यात जपानी स्वयंपाकी कॅमेलियाच्या बियांचे तेल चोपडतात. वऱ्हाडात जवस पिकत आले आहे, आणि जवसाचे तेल हवेत सुकून पातळ पापुद्रा धरते. रोज न वापरायच्या हत्याराला ते फार चांगले. रोजच्या सुरीला शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब पुरे.

धार लावण्याचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे आहे आणि ते आधी वाचावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सायकलवर चाक बांधून दारावर येणारा धारवाला कष्टाळू असतो, पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार तापते आणि लोहाराने दिलेले पाणी उतरते. कडक पोलादाला हे अजिबात चालत नाही. एक हजार नंबरचा पाण्याचा दगड, ओला टॉवेल आणि शांतपणे दिलेली पंधरा-वीस मिनिटे एवढे पुरते. पाते दगडाशी साधारण पंधरा अंशांत धरायचे, म्हणजे पाठ दगडापासून जेमतेम बोटभर वर, आणि एका बाजूने घासत राहायचे. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूवरून अंगठा आडवा, धारेपासून बाहेरच्या दिशेला हलकेच फिरवला की एक बारीक कंगोरा लागतो. तो टोकापासून मुठीपर्यंत सलग लागला म्हणजे धातू धारेपर्यंत पोचला. त्याआधी बाजू बदलायची नाही. मग दुसऱ्या बाजूने तसेच, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने आलटून पालटून घासत तो कंगोरा उतरवायचा. कुरुंदाच्या दगडावरही हे जमते. पावशीच्या पात्यालाही हीच रीत, फक्त पाते जागेवर ठेवून दगड हातात घ्यावा लागतो.

किमतीविषयी स्पष्ट बोलतो. चांगल्या जपानी सुरीला आज भारतात दहा-पंधरा हजार रुपये सहज पडतात, आमच्या बाजारातले पाते काही शे रुपयांत मिळते. वाचकाने लगेच जपानी सुरी मागवावी, असा या पुस्तकाचा हेतू नाही. पण त्या दहा हजारांतले काम पाहिले की आपल्या लोहाराला आपण किती कमी देतो हेही दिसते. जपानने १९७४ साली पारंपरिक हस्तोद्योगांसाठी कायदा केला. एचिझेनच्या घडाईला १९७९ साली आणि साकाईच्या घडाईला १९८२ साली त्याखाली मान्यता मिळाली. आपल्याकडे १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये लोहारकाम आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तिची मांडणी आहे. कागदपत्रे जुळवणे फिरत्या कुटुंबाला जड जाते, तिथे शिकलेल्या शेजाऱ्याने हात द्यायला हवा. आणि गिऱ्हाईक म्हणून आपण एक करू शकतो: लोहाराकडे तयार पाते उचलण्याऐवजी सांगून करून घ्यावे. पाठ इतकी जाड, धारेमागे इतके पातळ, पिवळ्यावर पाणी दे, दोन दिवस जास्त घे, दुप्पट पैसे घे. आणि वापरून झाल्यावर ते पाते त्याला परत दाखवावे. मी असे करून घेतलेली नाकिरीच्या आकाराची सुरी घरात रोज चालते. तिची धार यासुगीच्या पोलादाइतकी दिवस टिकत नाही, पण ती लागते सहज, आणि मेथीची जुडी एका सरकत्या चिरेत साफ कापते.

तलवारींचे प्रकरण या पुस्तकात नाही. तामाहागाने, म्हणजे वाळूतल्या लोखंडापासून पारंपरिक भट्टीत गाळलेले पोलाद, शिमानेत १९७७पासून पुन्हा काढले जाते, पण ते मुख्यतः तलवारी घडवणाऱ्यांसाठी. स्वयंपाकघरातल्या सुरीत ते क्वचितच असते. त्यावर मराठीत लिहायचे तर स्वतंत्र पुस्तक लागेल. इथे पहिली तीन प्रकरणे पोलाद, घडाई आणि आकार यांची आहेत, चौथे धारेचे, पाचवे निगेचे. सहाव्यात लोहाराला द्यायचे चार मापांचे नकाशे मूळ आकारात छापले आहेत. ते पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून थेट त्याच्या हातात द्यावेत.